हौसेने बनवलेलं ॲप टिकतं कसं? आधी वही, मग कोड

जिते (ता. पेण) : पनवेल-रोहा मार्गावरच्या जिते स्टेशनवरून सकाळी कॉलेजला जाणाऱ्या पोरापोरींत आता कॉम्प्युटर शिकणारेही असतात. कुणी बीसीएला, कुणी बीएस्सी आयटीला, तर कुणी मोबाईलवर व्हिडिओ बघून प्रोग्रामिंग शिकतं. पहिल्या उत्साहात एखादं ॲप करायला घेतलं जातं. दोन महिन्यांनी विचारलं तर उत्तर ठरलेलं, "अर्धवट राहिलं."

घरच्यांना वाटतं, पोराला जमत नाही. बहुतेक वेळा अडचण वेगळीच असते. कोड लिहायला शिकवतात, पण काम आखायचं कसं, आणि बनवलेलं हळूहळू सुधारायचं कसं, हे फारसं कुणी सांगत नाही. जगभर हौसेने, बिनपगारी सॉफ्टवेअर बनवणारे हजारो लोक आहेत. त्यांची कामाची एक पद्धत ठरून गेली आहे. ती समजायला इंजिनिअर असावं लागत नाही.

हौसेचं काम आपल्या खिशात

१९९१ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने स्वतःच्या कॉम्प्युटरसाठी एक प्रणाली लिहायला घेतली. ऑगस्टमध्ये त्याने ती इतरांना कळवली, तेव्हा हे आपलं छंदाचं काम आहे, असंच सांगितलं होतं. तीच पुढे लिनक्स झाली. आज आपल्या हातातला अँड्रॉइड फोन ज्या गाभ्यावर चालतो, तो लिनक्सचाच आहे.

लग्नाचा व्हिडिओ कुठल्याच ॲपमध्ये उघडला नाही की लोक व्हीएलसी टाकतात. तेही १९९६ मध्ये पॅरिसजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेलं काम. २००१ मध्ये त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला झाला आणि बाहेरचे लोक त्यात हात घालू लागले.

खुला कोड म्हणजे काय? आतली लिखापढी कुणालाही वाचता येते, बदल सुचवता येतो आणि ठरलेल्या परवान्यानुसार वापरताही येते. परवाना लिहिलेला नसेल, तर कोड समोर दिसत असूनही दुसऱ्याला तो कायद्याने वापरता येत नाही. म्हणून जाणते लोक पहिल्याच दिवशी परवान्याची फाईल टाकतात.

काम आखायचं कसं?

आपल्याकडचंच उदाहरण घेऊ. जितेच्या पुढचं स्टेशन हमरापूर. तिथे आणि आसपासच्या गावांत गणपतीचे कारखाने आहेत. समजा, एखाद्या पोराला कारखान्याच्या ऑर्डरी लिहायचं ॲप करायचं आहे. डोक्यात लगेच गर्दी होते. फोटो हवेत, बिल हवं, गिऱ्हाईकाला मेसेज जायला हवा, पासवर्ड हवा. सगळं एकदम करायला घेतलं की काम तिथेच रुतलं.

अनुभवी लोक असं करतात :

पहिलं, अडचण एका वाक्यात लिहायची. "कुठल्या गिऱ्हाईकाची कुठली मूर्ती, ॲडव्हान्स किती आला आणि मूर्ती न्यायला कधी येणार, हे पटकन सापडलं पाहिजे." जे या वाक्यात बसत नाही ते 'नंतर' या पानावर. फेकायचं नाही, पण आत्ता हातही लावायचा नाही.

दुसरं, कोड लिहायच्या आधी कारखान्यात एक दिवस बसायचं. तिथे कळतं की कामगारांचे हात मातीने, रंगाने भरलेले असतात, म्हणून बटणं मोठी हवीत. नेट मध्येच जातं, म्हणून ॲप नेटशिवाय चाललं पाहिजे. मूर्ती कच्ची हवी की रंगवलेली, हाही रकाना लागतो. घरी बसून हे सुचत नाही.

तिसरं, पहिली आवृत्ती लहान ठेवायची. नाव, मूर्ती, ॲडव्हान्स, तारीख. बस. लहान असली तरी ती पूर्ण चालली पाहिजे. चार रकान्यांचं चालणारं ॲप हे चाळीस रकान्यांच्या अर्धवट ॲपपेक्षा कधीही बरं.

चौथं, कामाचे तुकडे करायचे. "हिशेब जोडणे" हे काम नव्हे, तो डोंगर आहे. "एकूण रकमेतून ॲडव्हान्स वजा करून बाकी दाखवणे" हे काम. एक-दोन संध्याकाळी संपेल एवढाच तुकडा असावा. दिवसभर कॉलेज किंवा शेतीचं काम करून उरलेल्या वेळात लिहिणाऱ्याला काहीतरी संपल्याचं समाधान लागतं, नाहीतर तो सोडून देतो.

पाचवं, एकाच कारखान्यात एक हंगाम वापरून बघायचं, आणि जुनी वहीही चालू ठेवायची. ॲप आणि वही जुळत नसेल तर चूक लगेच सापडते. आणि गणपतीच्या आधीच्या ऐन घाईत नवा बदल टाकायचा नाही. मोठमोठ्या प्रकल्पांतही असा नियम असतो. ठरलेल्या तारखेनंतर नवीन काही नाही, फक्त दुरुस्त्या.

तक्रार लिहिणं हेही काम

हौशी प्रकल्पाचा जीव असतो त्याच्या तक्रारवहीत. इंग्रजीत तिला इश्यूंची यादी म्हणतात. कुठलीही चूक, मागणी, शंका तिथे एकेक करून नोंदवतात. एका नोंदीत एकच गोष्ट. त्यातली सोपी कामं नवख्यांसाठी म्हणून खूण करून ठेवतात. नवीन पोराने तिथूनच सुरुवात करायची असते.

इथे कोड न येणाऱ्या माणसाचाही मोठा उपयोग होतो. मराठीचंच बघा. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. 'आचार्यांना' बोलावलं तर गुरुजी येतील, 'आचाऱ्यांना' बोलावलं तर जेवण बनवणारे येतील. हा आडवा अर्धा र हिंदीत लागत नाही. त्यामुळे फक्त हिंदी जाणणाऱ्याने कीबोर्ड किंवा फॉन्ट बनवला, तर त्याला ही चूक दिसतच नाही. मराठी वापरणाऱ्यानेच ती सांगावी लागते.

सांगायची कशी, यावर सगळं अवलंबून आहे. "तुमच्या ॲपमध्ये मराठी नीट चालत नाही" असं लिहिलं तर बनवणारा काय करणार? त्याऐवजी असं लिहावं :

"फोन अमुक कंपनीचा, अँड्रॉइडची आवृत्ती अमुक, ॲपची आवृत्ती अमुक. 'दऱ्या' हा शब्द लिहिला. 'दर्या' असा उमटला. आडवा र यायला हवा होता. दर वेळी असंच होतं. स्क्रीनशॉट सोबत जोडला आहे."

काय केलं, काय झालं, काय व्हायला हवं होतं. या तीन गोष्टी असल्या की दूरदेशातला, मराठीचं अक्षर न येणारा माणूसही ती चूक आपल्या मशीनवर घडवून बघू शकतो. आणि चूक पुन्हा घडवता आली की ती सापडते.

अशा मागण्यांना वेळ लागतो, पण त्या पोहोचतात. 'ॲप' या शब्दातला 'ॲ' घ्या. जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारी यूनिकोड नावाची व्यवस्था आहे. तिच्यात 'ॲ'ला स्वतःचा क्रमांक २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत मिळाला. त्याआधी 'अ'वर चंद्र वेगळा जोडावा लागे आणि काही ठिकाणी अक्षर फुटलेलं दिसे. अशी भर लेखी प्रस्ताव आणि पुरावे देऊन होते, नुसत्या नाराजीने होत नाही.

दुरुस्ती झाली, पण दुसरं बिघडलं नाही ना?

सॉफ्टवेअरमध्ये एक भोक बुजवताना दुसरीकडे भोक पडतं. 'दऱ्या' दुरुस्त करताना 'सूर्य' बिघडू शकतो. म्हणून दुरुस्तीबरोबर चाचणीही लिहितात. दऱ्या, दर्या, कैऱ्या, सूर्य, वाऱ्यावर, कार्य अशी शब्दांची यादी करून ठेवायची. पुढे कुणीही काहीही बदललं की मशीन आपोआप सगळी यादी तपासतं. एकदा पकडलेली चूक पुन्हा घुसली तर लगेच कळते.

बदलांची नोंद ठेवायला गिट नावाचं साधन वापरतात. तेही टोरवाल्ड्सनेच २००५ मध्ये बनवलं. कुणी, कधी, कुठली ओळ बदलली आणि का बदलली, हे सगळं त्यात राहतं. काम बिघडलं तर मागच्या ठिकाणी परत जाता येतं. नवीन माणूस मूळ कोडला थेट हात लावत नाही. तो आपली नक्कल काढतो, त्यात बदल करतो आणि "हे बघा, घ्याल का?" असं विचारतो. दुसरा जाणकार वाचतो, प्रश्न विचारतो, कधी परत पाठवतो. यात अपमान वाटून घ्यायचा नसतो. चूक काढली जाते ती कोडची, माणसाची नव्हे. पहिल्यांदा काम परत आलं म्हणून सोडून देणारे पुष्कळ असतात. जे दुरुस्त करून पुन्हा पाठवतात ते शिकतात.

ॲपच्या आवृत्तीचे आकडेही बऱ्याच प्रकल्पांत अर्थ ठेवून दिलेले असतात. २.३.१ असं असेल, तर शेवटचा आकडा वाढला म्हणजे फक्त चुकीची दुरुस्ती, मधला वाढला म्हणजे नवी सोय, पहिला वाढला म्हणजे मोठा बदल. पहिला आकडा वाढला असेल तर आधी काय बदललं ते वाचून मग अपडेट करावं.

बांध राखणारा एकटा पडला तर?

पेणच्या खारेपाटात हे वेगळं सांगायला नको. बाहेरच्या बांधाला खेकड्याने भोक पाडलं आणि वेळीच बुजवलं नाही, तर उधाणाला खांड जाते. खारं पाणी एकदा शेतात शिरलं की पुढची काही वर्षं भात नीट येत नाही. बांध सगळ्यांचा, पण रोज फेरी मारणारा एखादाच. तो थकला की सगळ्यांचं नुकसान.

सॉफ्टवेअरमध्ये हे २०२४ मध्ये होता होता राहिलं. फाईली दाबून लहान करणारं एक्सझेड नावाचं एक साधन आहे. जगभरच्या लिनक्स मशीनमध्ये ते असतं. त्याची देखभाल वर्षानुवर्षं मुख्यतः एकच माणूस मोकळ्या वेळात, बिनपगारी करत होता. तो थकल्यावर 'मदत करतो' म्हणत एक जण आला. दोनेक वर्षं त्याने चांगलं काम केलं, विश्वास मिळवला, आणि २०२४ च्या सुरुवातीला दोन आवृत्त्यांत गुपचूप चोरदरवाजा घातला. अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या एका इंजिनिअरला आपल्या मशीनवर लॉगिनला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. त्याने ते सोडून दिलं नाही, मुळापर्यंत गेला. २९ मार्च २०२४ रोजी त्याने सगळं उघड केलं. चोरदरवाजा फार पसरायच्या आत सापडला.

यातून दोन गोष्टी कळतात. एक, फुकट मिळतं त्यामागे कुणाच्या तरी रात्री गेलेल्या असतात. तिथे दुसरा माणूस तयार ठेवणं हाही आखणीचाच भाग. प्रकल्प सुरू करणाऱ्याने पहिल्या दिवसापासून माहितीची एक फाईल लिहावी. हे काय आहे, कसं चालवायचं, पुढे काय करायचं आहे. उद्या परीक्षा आली, नोकरी लागली, तर दुसऱ्याला ती वाचून पुढे नेता आलं पाहिजे. दोन, अर्ध्या सेकंदाचा फरकही सांगण्यासारखा असतो.

सुरुवात कुठून?

प्रोग्रामिंग शिकणाऱ्या पोरांनी रोजच्या वापरातलं एखादं खुलं सॉफ्टवेअर निवडावं. त्याची तक्रारवही आठवडाभर नुसती वाचावी. मग नवख्यांसाठी ठेवलेलं एक काम घ्यावं, किंवा मराठी भाषांतरातल्या चुका दुरुस्त कराव्यात. केलेल्या कामाची नोंद आपल्या खात्याखाली राहते. नोकरीच्या वेळी दाखवायला ती उपयोगी पडते.

कोड न येणाऱ्यांसाठी ओपनस्ट्रीटमॅप आहे. २००४ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झालेला, सगळ्यांनी मिळून काढलेला हा जगाचा नकाशा. त्यात गावाच्या मराठी नावासाठी वेगळी जागा असते. स्ट्रीटकंप्लीट नावाचं मोफत अँड्रॉइड ॲप उभ्या जागेवरचे साधे प्रश्न विचारतं. हा रस्ता डांबरी की कच्चा, या रस्त्याचं नाव काय. उत्तर दिलं की नकाशा सुधारतो. जे डोळ्यांनी बघितलं तेवढंच भरायचं, ऐकीव नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. कोड किंवा नकाशाला हातभार लावायला कुणी ओटीपी, बँकेची माहिती किंवा नोंदणीचे पैसे मागत असेल, तर तिथून सरळ बाहेर पडायचं. व्हॉट्सॲपवर आलेली अनोळखी ॲपची फाईलही टाकायची नाही.

बाकीच्यांनी एवढं केलं तरी पुरे. ॲपमध्ये मराठी चुकीचं दिसलं, तर गप्प बसून ते काढून टाकण्याआधी सेटिंगमध्ये 'मदत' किंवा 'प्रतिक्रिया' शोधावं आणि तीन ओळी लिहाव्यात. काय केलं, काय झालं, काय व्हायला हवं होतं.