खंबाटकीआधीचा डबा

सारोळ्याला नीरेवरचा पूल ओलांडला की पुणे जिल्हा संपतो आणि शिरवळ लागतं. एका अंगाला सुभानमंगळ गढीच्या खुणा, दुसऱ्या अंगाला एमआयडीसीचे पत्रे, आणि मधून महामार्ग. वाहनाच्या दृष्टीने मात्र शिरवळची खरी ओळख पुढच्या खंबाटकी घाटामुळे. साताऱ्याहून येणाऱ्यांसाठी बोगदा झाला, तरी पुण्याहून साताऱ्याला निघालेल्याच्या वाट्याला पुढेही कित्येक वर्षं घाटच राहिला. सपाटीवर गुपचूप पळणारी जुनी गाडी घाटाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर धापा टाकू लागते. मग हमरस्त्यावरच्या गॅरेजात एकच वाक्य ऐकू येतं : "फिल्टर चोक झालाय."

पुष्कळदा ते खरंही असतं. एक लिटर पेट्रोल नीट जळायला साधारण नऊ हजार लिटर हवा लागते. शिरवळ ते सातारा साठेक किलोमीटर. मारुती 800 त्यासाठी चारेक लिटर पेट्रोल घेते, म्हणजे छत्तीस हजार लिटर हवा. उन्हाळ्यात माणदेशाकडे दहा हजारी पाण्याचे टँकर पळतात, तसले साडेतीन टँकर भरून. ही सगळी हवा हातभर लांबीच्या एका डब्यातून, घड्या घातलेल्या कागदातून आत जाते. तोच एअर फिल्टर.

आणि हवा म्हणजे इथली हवा. महामार्गाचं सहापदरीकरण, त्यानंतर खंबाटकीच्या नव्या बोगद्यांचं काम, खडी क्रशर, उसाच्या हंगामात भुईंजच्या कारखान्याकडे निघालेल्या ट्रॉल्या. आपला दगड काळा बसाल्ट. त्यातली फेल्डस्पार, पायरॉक्सीन ही खनिजं चांगली कठीण. त्यांची भुकटी इंजिनाच्या बोअरमध्ये गेली की पॉलिश पेपरसारखं काम करते. डोळ्यांना दिसणारी धूळ त्यामानाने गरीब. खरं नुकसान पाच ते वीस मायक्रॉनच्या कणांचं, कारण ते पिस्टनची रिंग आणि बोअरची भिंत यांच्यामधल्या तेलाच्या पातळ थरात शिरतात. जगभरचे फिल्टर तपासायला प्रयोगशाळांत अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटाच्या नावाने ओळखली जाणारी धूळ वापरतात. शिरवळची वापरली असती तरी चाललं असतं.

कागदी फिल्टर येण्याआधी तेलाचा डबा होता. सातारा-सांगलीकडे वडापच्या जुन्या जिपांना आणि शेतावरच्या डिझेल इंजिनांना तो असायचा, अँबॅसॅडरलाही असे. त्यात खाली तेल, वर तारेची जाळी. आत ओढलेली हवा तेलाजवळ येऊन एकदम उलटी वळते. जड धुळीला वळता येत नाही, ती तेलात बसते. उरलेली जाळीला चिकटते. कल्पना सुंदर आणि खर्च कमी, पण बारीक कण पकडण्यात कागद पुढे. शिवाय डब्यातल्या तेलाचा चिखल झाला तरी ते बदलायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. गाडी चालतेय ना, मग झालं! पुढे वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात पद्मिनी बनवली. 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली. तसतसा घरोघरच्या गाड्यांत कागदी घड्यांचा फिल्टर ओळखीचा झाला.

आता ॲव्हरेजची गोष्ट. "फिल्टर बदला, ॲव्हरेज वाढेल" हे कार्ब्युरेटरच्या काळातलं सत्य आहे. कार्ब्युरेटरला हवा मोजता येत नाही. हवा अडली की पेट्रोलचं प्रमाण वाढतं, काळा धूर येतो आणि पंपावर जास्त जावं लागतं. एमपीएफआय, म्हणजे इंजेक्शनच्या, गाडीत सेन्सर हवा मोजतो आणि पेट्रोल तेवढंच सोडतो. अमेरिकेच्या ओक रिज प्रयोगशाळेने 2009 मध्ये हे तपासलं. इंजेक्शनच्या गाड्यांत घाण फिल्टरमुळे इंधनात दखल घेण्याजोगा फरक पडला नाही, पिकअप मात्र मंदावला. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत फरक दिसला. म्हणजे तुमची मारुती नव्वदच्या दशकातली असेल तर मेकॅनिकचं ऐका. नंतरची एमपीएफआय असेल तर ॲव्हरेजच्या आशेने फिल्टर घेऊ नका. घ्या तो इंजिनाच्या आयुष्यासाठी.

माझं भांडण आहे ते हवा मारण्याशी. फिल्टर काढला की तो कॉम्प्रेसरच्या नळीसमोर धरायचा, धुरळा उडाला की गिऱ्हाईक खूश. पण त्या दाबाने कागदाला डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडतात, कडेचा रबर सुटतो. उलट, थोडी धूळ बसलेला फिल्टर नव्यापेक्षाही बारीक गाळतो, कारण धुळीचा तो थरच गाळणी होतो. दर महिन्याला हवा मारून फिल्टर "स्वच्छ" ठेवणारा माणूस बोअर घासण्याचा खर्च स्वतःहून ओढवून घेतो. मारायचीच तर हलकी, आतल्या बाजूने बाहेर. पण त्यापेक्षा नवा टाकावा; जुन्या गाडीत याहून स्वस्त दुरुस्त्या मोजक्याच.

काम पंधरा मिनिटांचं. इंजिन थंड झालं की क्लिपा किंवा नट सोडून झाकण उचलायचं. जुना फिल्टर सरळ वर काढायचा, डब्यात आपटायचा नाही. कार्ब्युरेटरच्या तोंडावर स्वच्छ फडकं टाकून डबा ओल्या कापडाने पुसायचा. इथेही कॉम्प्रेसर नको, सगळी माती खाली इंजिनात जाईल. कोपऱ्यात पाचटाचा चुरा, कधी उंदराचं घरटंही निघतं. मग नव्या फिल्टरची रबरी कड चहूबाजूंनी खाचेत बसली का, हे बोट फिरवून पाहायचं. ड्युप्लिकेट माल इथेच उघडा पडतो : कागद बरा असतो, पण कड तोकडी.

जुना फिल्टर टाकण्याआधी नीट बघावा. मळकी बाजू मळकी असणारच. पाहायची ती स्वच्छ बाजू, आणि डब्यापासून इंजिनाकडे जाणारा रबरी पाइप आतून. तिथे धुळीचा पट्टा असेल तर हवा फिल्टर चुकवून जातेय, आणि वीस वर्षं तापलेल्या त्या पाइपला बहुतेक भेग आहे. पाइप न बदलता नवा फिल्टर टाकणं म्हणजे दुकानदाराचा फायदा. फिल्टर तेलाने भिजलेला निघाला, आणि घाटात मागे निळा धूर दिसत असेल, तर रिंगा गेल्या आहेत. तेव्हा इंजिन खोलून रिबोअरचा हिशेब मांडावा लागतो.