शुभंकरालाही हवा विसावा

घरात दीर्घ आजाराचा रुग्ण असला, की भेटायला येणारा प्रत्येक जण त्याच्या प्रकृतीची विचारपूस करतो. त्याची औषधे, पथ्य आणि झोप रात्रंदिवस सांभाळणाऱ्या पत्नीची, मुलाची किंवा सुनेची विचारपूस मात्र क्वचितच होते. पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळासारख्या स्वमदत गटांत रुग्णाला 'शुभार्थी' आणि त्याची काळजी घेणाऱ्याला 'शुभंकर' म्हटले जाते. या शुभंकराची प्रकृती टिकवणे हा रुग्णाच्या उपचारांचाच एक भाग आहे. बहुतेक घरांत त्याचा विचार होतो तो शुभंकर स्वतः अंथरूण धरतो तेव्हा.

भारतात साठी ओलांडलेल्या सुमारे ७.४ टक्के व्यक्तींना, म्हणजे जवळपास ८८ लाख जणांना, स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडण्यात आला. यांतील बहुतेकांची देखभाल घरीच होते. तिचा भार कोणावर पडतो, याची कल्पना केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणावरून येते. मुलांच्या संगोपनासह घरातील व्यक्तींची देखभाल करणाऱ्यांचे प्रमाण १५ ते ५९ या वयोगटातील महिलांमध्ये ४१ टक्के, तर पुरुषांमध्ये २१.४ टक्के आढळले. या कामात महिलांची दिवसाकाठी सुमारे १४० मिनिटे जातात, पुरुषांची ७४.

सेवा नव्हे, ताण घातक

अमेरिकेतील शुल्झ आणि बीच या संशोधकांनी १९९९ मध्ये वृद्ध पती-पत्नींचा अभ्यास प्रसिद्ध केला. जोडीदाराची काळजी घेताना ज्यांना ताण जाणवत होता, त्यांच्यात चार वर्षांच्या काळात मृत्यूचा धोका ही जबाबदारी नसलेल्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी अधिक आढळला. काळजी घेत असूनही ज्यांना ताण जाणवत नव्हता, त्यांच्यात मात्र अशी वाढ दिसली नाही. शुभंकराला खचवते ती सेवा नव्हे, तर सेवेचा न वाटला गेलेला भार, असे यातून म्हणता येते.

स्मृतिभ्रंशात हा भार विशेष जाणवतो. रुग्ण रात्री उठून फिरतो, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो, कधी घरच्यांवरच चोरीचा आळ घेतो. त्यातून येणारी चीड आणि चिडल्यानंतरची टोचणी, दोन्ही शुभंकराने मनातच ठेवायच्या असतात. 'आपल्याच माणसाचा कंटाळा कसा येतो?' हा प्रश्न त्याला आतून खात राहतो. अशी भावना येणे ही मायेची उणीव नसून थकव्याची खूण आहे, हे घरातील सर्वांनीच समजून घ्यायला हवे. शुभंकरावरील भार मोजण्यासाठी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन झरिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये एक प्रश्नावली तयार केली. तिची २२ प्रश्नांची सुधारित आवृत्ती आज अनेक देशांत वापरली जाते.

झोप उडणे, पाठदुखी बळावणे, क्षुल्लक कारणावरून संताप येणे, स्वतःची रक्तदाबाची किंवा मधुमेहाची तपासणी पुढे ढकलत राहणे, मित्रमंडळींना टाळणे ही प्रारंभीची लक्षणे होत. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास राहिल्यास किंवा जगणे नकोसे वाटू लागल्यास तातडीने डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

वहीपासून सुरुवात

'माझ्याशिवाय त्यांचे कोणालाच जमत नाही,' असे अनेक शुभंकर सांगतात. ते पुष्कळदा खरेही असते, कारण सारी माहिती एकाच व्यक्तीच्या डोक्यात असते. त्यावर साधा उपाय म्हणजे एक वही. औषधांच्या वेळा, डॉक्टरांचे दूरध्वनी क्रमांक, जेवणातील पथ्ये, रुग्ण कशाने बिथरतो आणि कशाने शांत होतो, हे तीत लिहून ठेवले की दुसऱ्याला काही तास जबाबदारी घेणे शक्य होते.

आठवड्यातून निदान एक ठरलेली सुटी, रोज अर्धा तास चालणे आणि स्वतःच्या तपासण्यांची तारीख, या गोष्टी रुग्णाच्या औषधांइतक्याच काटेकोरपणे पाळाव्यात. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला कुशीवर कसे वळवावे, हे परिचारिकेकडून किंवा फिजिओथेरपिस्टकडून शिकून घेतल्यास पाठीवरचा ताण कमी होतो. ऐपत असल्यास ब्यूरोमार्फत काही तासांसाठी मावशी ठेवणे किंवा रुग्णाला डे केअर केंद्रात पाठवणे म्हणजे कर्तव्यात कसूर नव्हे.

नातेवाइकांनीही 'काही लागले तर सांगा' एवढ्यावर थांबू नये. त्या वाक्यावर सहसा कोणी काही मागत नाही. 'रविवारी दहा ते एक मी बसतो, तुम्ही बाहेर जाऊन या,' असे वेळ सांगून म्हटले, तर त्याचा खरा उपयोग होतो. परगावी किंवा परदेशी असलेल्या भावंडांनी लांबून सल्ले देण्याऐवजी खर्चाचा वाटा उचलावा आणि सुटीवर आल्यावर काही दिवस पूर्ण जबाबदारी घ्यावी.

आधार कोठे मिळेल?

ज्येष्ठ नागरिक आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी १४५६७ ही 'एल्डरलाइन', तर मानसिक ताणासाठी ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली १४४१६ ही 'टेलि-मानस' सेवा उपलब्ध आहे. दोन्ही निःशुल्क आहेत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये पार्किन्सन्स आणि मानसिक आजार यांचा समावेश असून, अधिक आधाराची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याच्या योजनेची तरतूदही आहे. मात्र, ती सरकारच्या आर्थिक क्षमतेवर सोपवलेली आहे.

कायदा आणि दूरध्वनी सेवा यांना मर्यादा आहेत. घरातील कामाची फेरवाटणी मात्र आजच करता येते. त्यासाठी कुटुंबाने एकदा एकत्र बसून कोणत्या दिवशी कोणी थांबायचे, हे कागदावर लिहिणे आवश्यक आहे. शुभंकर उभा राहिला, तरच शुभार्थीची सेवा टिकेल.