भाडं ठरलं, करंट आणि पाण्याचं काय?

बेंगळुरूत घर शोधणाऱ्या मराठी माणसाला पहिला घाम फुटतो तो डिपॉझिटचा आकडा ऐकून. पुण्यात दोन-तीन महिन्यांचं भाडं अनामत ठेवलं की किल्ली हातात पडते. इथे एके काळी दहा महिन्यांचं मागायचे, आता बऱ्याच ठिकाणी पाच-सहावर आलंय. सगळी घासाघीस त्या आकड्यावरच होते आणि भाड्यात पाचशे कमी झाले की मैदान मारल्यासारखं वाटतं. करारात खाली कुठेतरी 'वीज आणि पाणी वेगळं' एवढंच लिहिलेलं असतं. पुढचे अकरा महिने खिसा गळतो तो तिथूनच.

तसा या शहराच्या सौद्यांशी आपला संबंध जुना आहे. बेंगळुरू ही शहाजीराजांची जहागीर. पुढे व्यंकोजीराजांनी म्हैसूरच्या चिक्कदेवराजाला ती तीन लाखांना देण्याची बोलणी चालवली होती. सौदा पुरा व्हायच्या आत, 1687 मध्ये, मुघल सरदार कासीमखानाने शहर घेतलं आणि त्याच तीन लाखांना ते चिक्कदेवराजाकडे गेलं. म्हणून सांगतो, बोलणी टोकन देण्याआधी उरकावी. टोकन गेलं की तुमच्या शब्दाचं वजन निम्मं होतं.

आधी वीज. इथे तिला सगळे 'करंट' म्हणतात. घराला बेसकॉमचं, म्हणजे इथल्या वीज कंपनीचं, स्वतंत्र मीटर असेल तर वाटाघाटीला फारसं काही उरत नाही. बिलावरचा खाते क्रमांक मागून घ्यावा, मागची थकबाकी नाही ना एवढं बघावं, आणि बिल थेट आपण भरावं. भांडण सुरू होतं ते सबमीटरपाशी. बीटीएम लेआउट किंवा मारतहळ्ळीसारख्या भागात तीस बाय चाळीसच्या साइटवर चार-चार मजले चढलेले दिसतात. गच्चीवरच्या खोलीला किंवा मागच्या वन आरकेला वेगळी जोडणी नसते. ओनर बाजारातून सबमीटर आणून बसवतो आणि सांगतो, युनिटला नऊ रुपये. भाडेकरू मोबाइलवर बेसकॉमचा दर शोधतो, 5 रुपये 80 पैसे बघतो आणि लुटला गेल्याच्या आवेशात जिना उतरतो.

त्याने आधी कागद-पेन्सिल घ्यावी. 1 एप्रिल 2025 पासूनच्या दरपत्रकात युनिटला 5 रुपये 80 पैसे आहेत हे खरं. पण त्यावर कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतनाचा अधिभार युनिटला 36 पैसे, 9 टक्के वीजकर आणि मंजूर भारावर दर किलोवॅटला 145 रुपये स्थिर आकार आहे. महिन्याला 120 युनिट धरा. विजेचे 696, अधिभाराचे 43, कराचे 63, मिळून 802. तीन किलोवॅटचं स्वतंत्र मीटर असतं तर स्थिर आकाराचे 435 आणखी चढून बिल 1,237 वर गेलं असतं. ओनरच्या नऊच्या दराने होतात 1,080. म्हणजे नऊ रुपये ऐकायला लागतात तेवढे जुलमी नाहीत. 12-13 मागत असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा 'मला मुख्य मीटरचं बिल दाखवा, एकूण रकमेला एकूण युनिटांनी भागू आणि त्या दराने देतो' असं म्हणावं. हे वाक्य ऐकून चिडणारे ओनर थोडे असतात. बिल दाखवायलाच जो तयार नाही त्याच्याबद्दल काय ते कळतं.

सबमीटरचा खरा तोटा वेगळाच आहे. ऑगस्ट 2023 पासून कर्नाटकात गृहज्योती योजना सुरू आहे आणि भाडेकरूही भाडेकरार व आधार दाखवून तिच्यात बसतो. 2022-23 मधली त्या जोडणीची सरासरी आणि वर 10 टक्के एवढी वीज फुकट मिळते, मर्यादा 200 युनिटांची. जिथे जुना वापरच नाही तिथे सरासरी 53 युनिट धरतात, म्हणजे साधारण 58 मोफत. 200 ओलांडले की पूर्ण बिल. सबमीटरवाल्याला यातलं काही नाही, कारण बेसकॉमच्या दप्तरी तो अस्तित्वातच नाही. म्हणून नऊचे आठ करण्यात शक्ती घालवू नये, जोर लावायचा तो स्वतंत्र मीटरसाठी. त्यात ओनरचंही हित आहे, आणि बोलताना तेच पुढे करावं. तुमचे 120 युनिट त्याच्या मुख्य मीटरवर चढले की त्याचा आकडा 200 पार जातो आणि त्याचीही सवलत बुडते. जोडणीचा खर्च अर्धा-अर्धा करू म्हटलं की गाडी बऱ्याचदा पुढे सरकते. मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर 2024 च्या निकालानंतर भोगवटा प्रमाणपत्राशिवाय नव्या जोडण्या अडू लागल्या. त्यामुळे बेसकॉमच्या उपविभाग कार्यालयात चौकशी केल्याशिवाय या आश्वासनावर टोकन देऊ नये.

महावितरणच्या टप्प्यांत वाढलेल्या आपल्यासारख्यांना आणखी एक युक्तिवाद चटकन पटतो: 'तुमच्यामुळे आमचा स्लॅब वर जातो.' एप्रिल 2024 पासून इथे घरगुती विजेला टप्पेच नाहीत, सरसकट एक दर आहे. त्या वाक्याला मान डोलावू नये.

स्वतंत्र मीटर असलं तरी एक परीक्षा जरूर घ्यावी. घर बघायला जाल तेव्हा आतला मुख्य एमसीबी पाडायला सांगा आणि खाली मीटरच्या पेटीपाशी उभे राहा. आपल्या मीटरवरचा छोटा लाल दिवा लुकलुकायचा थांबला पाहिजे. मग कुणाला तरी सम्पची, म्हणजे जमिनीखालच्या टाकीची, मोटार लावायला सांगा. दिवा पुन्हा लुकलुकू लागला तर चार मजल्यांचं पाणी गच्चीवर तुमच्या करंटवर चढतंय असं समजा. तळमजल्याच्या भाडेकरूंच्या वाट्याला हे हमखास येतं, आणि बहुतेकदा त्यात लबाडी नसते. वायरमनला जी वायर जवळ सापडली ती त्याने जोडली, एवढंच.

पाण्याचं गणित मात्र इतकं सरळ नाही. शहराला नळाचं पाणी येतं ते सुमारे 100 किलोमीटरवरच्या कावेरीतून, तेही शेकडो मीटर वर उपसून. 2007 मध्ये शहरात आलेल्या 110 गावांपर्यंत, म्हणजे आज आयटीतली निम्मी मराठी पोरं राहतात त्या पट्ट्यापर्यंत, ते पोचवण्यासाठीचा कावेरीचा पाचवा टप्पा 16 ऑक्टोबर 2024 ला सुरू झाला. दिवसाला 77 कोटी 50 लाख लिटर. तरी नळजोडणी आहे की नाही हे घरागणिक बदलतं. टू-लेटच्या पाटीवर 'कावेरी आणि बोअर' असं मिरवलेलं असलं, तर कावेरी आठवड्यातून किती वेळा आणि किती तास, हे विचारावं. तेही ओनरला नाही, वरच्या मजल्यावरच्या आंटींना. त्या खरं सांगतात.

जलमंडळाचा घरगुती दर 2014 नंतर थेट एप्रिल 2025 मध्ये वाढला. पहिल्या आठ हजार लिटरला हजारामागे सात रुपये होते, वाढीनंतरही ते दहाच्या आतच आहेत. मग ओनर माणशी तीनशे रुपये पाणीपट्टी मागतो ती कशाची? टँकरची. ती खोटी असतेच असं नाही. मार्च 2024 च्या टंचाईत टँकरवाले वाटेल तो भाव सांगू लागले, तेव्हा जिल्हा प्रशासनाला दर बांधून द्यावे लागले: पाच किलोमीटरच्या आत 6,000 लिटरला 600 रुपये, 12,000 लिटरला 1,000. तरी ठोक रक्कम कबूल करू नये. उन्हाळ्यातल्या टँकरच्या हिशोबाने ठरलेले तीनशे पावसाळ्यात नळ धो-धो वाहत असतानाही द्यावे लागतात. मूळ जलमंडळाचं बिल माणशी वाटून, टँकर आला तर त्याची पावती दाखवून वेगळा, असं ठरवलं की दोघांचाही जीव शांत राहतो. वाटणी घरटी नको, माणशी हवी. एकट्या पोराने पाच माणसांच्या कुटुंबाएवढं का भरावं?

कायद्याचा आधार किती? कर्नाटकाचा 1999 चा भाडे कायदा बेंगळुरूत महिना 3,500 रुपयांपेक्षा जास्त भाड्याच्या घराला लागूच होत नाही. आज त्याखाली काय मिळतं! म्हणजे तुमचं रक्षण करायला उरतो तो करारच. विजेच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केलं की घरमालक ना-हरकत देत नाही एवढ्यावरून भाडेकरूला वीज नाकारता येणार नाही. निकाल हाताशी असावा, पण ज्याच्या डोक्यावर राहायचं त्याला तो पहिल्याच दिवशी ऐकवण्यात शहाणपण नाही.

परदेशात हाच घोळ नियमांनी बराच आवरलाय. ब्रिटनमध्ये घरमालकाला वीज-गॅस स्वतः दिलेल्या दरापेक्षा महाग विकता येत नाही. जर्मनीत भाड्याबरोबर दरमहा आगाऊ रक्कम घेतात, पण वर्ष संपल्यावर बारा महिन्यांत हिशोब दिला नाही तर मालकाचा वरच्या पैशांवरचा हक्क जातो. इथे ते काम करारातल्या चार-पाच वाक्यांनी करून घ्यावं लागतं: वीज मुख्य बिलाच्या सरासरी दराने, पाणी बिलाच्या प्रतीसह माणशी, टँकर पावतीवर, मोटारीचं करंट सामायिक, आणि प्रत्येक महिन्याचा हिशोब पुढच्या दहा तारखेच्या आत, त्यानंतर मागचं काढायचं नाही. हे शेवटचं कलम सर्वांत महत्त्वाचं. मागचं काढलं जातं ते नेमकं घर सोडताना, आणि तेव्हा तुमचं डिपॉझिट ओनरच्या खात्यात असतं. महिना झाला की मीटरचा फोटो आणि रक्कम व्हॉट्सअ‍ॅपवर टाकावी. समोरून नुसतं 'ओके सर' आलं तरी पुरतं.

बोलण्याचा सूर मात्र सांभाळावा. बेंगळुरूचा जुना ओनर सहसा निवृत्त बँकवाला किंवा सरकारी नोकरीतला असतो. तोही हिशोबी आणि तुम्हीही हिशोबी, त्यामुळे आकड्यांवर जमतं, आवाजावर नाही. चार शब्द कन्नड आले तर दर कमी होत नाही, पण चहा मिळतो आणि बिलाची फाइलही बाहेर येते.

घर सोडताना शेवटच्या रीडिंगचा फोटो ओनरच्या समक्ष घ्यावा आणि गृहज्योतीशी जोडलेला आपला आधार सेवा सिंधू पोर्टलवरून त्या मीटरपासून सोडवून घ्यावा. नाहीतर नव्या घराच्या अर्जावर उत्तर येतं की तुमची सवलत अजून जुन्याच पत्त्यावर चालू आहे.