सात सर्व्हर नवे, एक जुना : अनेक यंत्रांवरील स्वीकृती चाचणी का आवश्यक?

अमेरिकेतील ‘नाइट कॅपिटल’ या दलाली संस्थेच्या संगणकांनी १ ऑगस्ट २०१२ रोजी शेअर बाजार उघडताच अनियंत्रित खरेदी-विक्री सुरू केली. अवघ्या ४५ मिनिटांत १५४ समभागांमध्ये सुमारे ४० लाख व्यवहार झाले आणि संस्थेला ४६ कोटी डॉलरहून अधिक तोटा सहन करावा लागला. अमेरिकेच्या रोखे व विनिमय आयोगाने ऑक्टोबर २०१३ मधील आदेशात या घटनेची कारणमीमांसा केली असून संस्थेवर १ कोटी २० लाख डॉलरचा दंड आकारण्यात आला.

न्यूयॉर्क शेअर बाजाराच्या नव्या योजनेत सहभागी होण्यासाठी संस्थेने आपले सॉफ्टवेअर बदलले होते. ते आठ सर्व्हरवर बसवायचे होते. सातांवर ते बसवण्यात आले, आठवा मात्र राहून गेला. नव्या आज्ञावलीतील एक खूण पूर्वी वेगळ्याच कामासाठी वापरली जात असे. २००३ पासून वापरात नसलेला एक जुना भाग तिच्यामुळे आठव्या सर्व्हरवर पुन्हा कार्यान्वित झाला. ग्राहकाची मागणी पूर्ण झाल्याचे न कळल्याने हा सर्व्हर आदेश पाठवतच राहिला. गोंधळ आवरण्यासाठी उरलेल्या सात सर्व्हरवरील नवी आज्ञावली काढून टाकण्यात आली. परिणामी तेथेही जुना भाग जागा झाला आणि दोष अधिकच पसरला.

प्रत्येक यंत्र स्वतंत्रपणे तपासले असते, तर नवे सॉफ्टवेअर बसवलेल्या सातही सर्व्हरमध्ये हा दोष आढळला नसता. दोष होता तो यंत्रांच्या एकत्रित स्थितीत. अनेक यंत्रांवरील स्वीकृती चाचणीचे प्रयोजन नेमके हेच आहे.

सॉफ्टवेअरमधील प्रत्येक बदल स्वयंचलित चाचण्यांच्या टप्प्यांतून नेऊन तो केव्हाही वापरात आणता येईल अशा अवस्थेत ठेवणे, या पद्धतीला ‘कंटिन्युअस डिलिव्हरी’ म्हणतात. याच नावाच्या जेझ हंबल व डेव्हिड फार्ले यांच्या ग्रंथाने २०१० मध्ये तिची सविस्तर मांडणी केली. पहिल्या टप्प्यात आज्ञावलीचे लहान लहान भाग काही मिनिटांत तपासले जातात. त्यानंतरच्या स्वीकृती चाचणीत वापरकर्त्याला अभिप्रेत असलेले काम संपूर्ण प्रणाली पार पाडते की नाही, हे पाहिले जाते. प्रत्यक्ष वापरात प्रणाली अनेक यंत्रांवर विभागलेली असेल, तर ही चाचणीही अनेक यंत्रांवरच घेणे इष्ट ठरते.

त्यासाठी प्रथम आभासी यंत्रांचा किंवा कंटेनरचा नवा संच उभारला जातो. एकदाच तयार केलेले सॉफ्टवेअर सर्व यंत्रांवर बसवले जाते, आणि तेही प्रत्यक्ष वापरात आणताना योजल्या जाणाऱ्या स्वयंचलित पद्धतीनेच. त्यामुळे सॉफ्टवेअरबरोबर ते बसवण्याच्या प्रक्रियेचीही परीक्षा होते. सर्व यंत्रांवर एकच आवृत्ती आहे आणि प्रत्येक सेवा सज्ज आहे, याची खात्री झाल्यावरच चाचणीला प्रारंभ होतो. सामान्य व्यवहार तपासून झाल्यावर प्रतिकूल स्थिती मुद्दाम निर्माण केली जाते. एखादे यंत्र बंद केले जाते, दोन यंत्रांमधील संपर्क तोडला जातो, काही यंत्रांवर जुनी तर काहींवर नवी आवृत्ती ठेवली जाते, नवी आवृत्ती मागे घेण्याचीही तालीम होते. अखेरीस सर्व यंत्रांच्या नोंदी एकत्र जमवून संच मोडला जातो.

ही पद्धत खर्चिक आहे आणि तिला वेळही अधिक लागतो. म्हणून अशा चाचण्या मोजक्या, परंतु महत्त्वाच्या व्यवहारांपुरत्या ठेवाव्यात. लहान भागांच्या तपासणीचे काम त्यांच्यावर लादू नये. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. यंत्रे सज्ज होण्यास कमी-अधिक वेळ लागल्याने तीच चाचणी कधी उत्तीर्ण, तर कधी अनुत्तीर्ण होते. असे वारंवार घडल्यास ‘लांडगा आला रे आला’ या गोष्टीप्रमाणे खऱ्या इशाऱ्याकडेही दुर्लक्ष होऊ लागते. यावर उपाय म्हणजे ठरावीक सेकंद थांबण्याऐवजी यंत्र सज्ज झाल्याची प्रत्यक्ष विचारणा करणे, प्रत्येक चाचणीसाठी स्वतंत्र माहिती वापरणे आणि बेभरवशाची चाचणी त्वरित दुरुस्त करणे.

चाचणीगृहातील यशामुळे प्रत्यक्ष सर्व्हरवरील तपासणी अनावश्यक ठरत नाही. आठपैकी एक सर्व्हर वगळला गेल्याचे कळण्यासाठी, सॉफ्टवेअर बसवल्यानंतर सर्व यंत्रांवरील आवृत्त्या पुन्हा पडताळणे अपरिहार्य असते.

नाइट कॅपिटलमध्ये त्या दिवशी बाजार उघडण्यापूर्वीच त्रुटीचा उल्लेख असलेले ९७ ई-मेल कर्मचाऱ्यांना गेले होते. तथापि, ते इशारे म्हणून योजलेले नसल्याने त्यांची दखल घेतली गेली नाही. चाचणी अनुत्तीर्ण होताच पुढचा टप्पा आपोआप रोखला जावा, हा नियम म्हणूनच महत्त्वाचा आहे. दोष दिसूनही काम पुढे सरकत राहिले, तर कितीही यंत्रांवर चाचणी घेतली तरी ती निष्फळच ठरते.