एका मिनिटात साठ

खेड्यात डॉक्टर टिकत नाही, ही ओरड जुनीच. तिथे टिकतं कोण, हे कुणी विचारत नाही. मी उपकेंद्रावर नर्स होते. बदलीचा कागद आला की आम्हीही चंबूगबाळं आवरायचो. जिचं घर, शेत, पोरंबाळं त्याच गावात, ती राहायची.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने हेच हेरलं. गावातल्याच, जेमतेम शिकलेल्या बायकांना ‘आरोग्यदूत’ केलं. बाळाला जंतुसंसर्ग झालाय हे त्या ओळखायच्या आणि जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शनही द्यायच्या. सुई म्हणजे आम्हा शिकल्या-सवरल्यांचा मक्ता, त्यामुळे हे अनेकांना खुपणारंच होतं. पण १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ३९ गावांचे निष्कर्ष छापून आले : नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता.

पुढे मी आशाताईंना, म्हणजे सरकारी योजनेतल्या गावच्या आरोग्य स्वयंसेविकांना, शिकवू लागले. सगळ्यात जास्त वेळ जायचा श्वास मोजण्यात. तान्ह्याचा श्वास एका लयीत चालत नाही. मध्येच थांबतो, मग भरभर पळतो. म्हणून पंधरा सेकंद मोजून चाराने गुणणं चालत नाही, मिनिटभर मोजावं लागतं. बाळ रडत असायला नको, दूध पीत असायला नको. साठ किंवा जास्त भरले, तर पुन्हा मोजायचं. दुसऱ्यांदाही तेच आलं, तर थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा. ज्या सुईणींना साठपर्यंत मोजता येत नव्हतं, त्यांच्यासाठी ‘सर्च’ने वाळूचं घड्याळ आणि मणी असं साधन केलं होतं : दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया. मला तर हे साधन भारी यंत्रांपेक्षा हुशार वाटतं.

आशा योजना २००५ ची. साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशा. २०११ पासून घरी जाऊन नवजात बाळाला तपासण्याचं काम देशभर तिच्याकडे आलं. दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर सहा भेटी, शेवटची बेचाळिसाव्या दिवशी. सगळ्या भेटींचे मिळून तेव्हा २५० रुपये, कारण कागदावर ती स्वयंसेविका. तेव्हाच्या सूचनांत पैसे मिळायला अटी होत्या : वजनाची नोंद, लसी, जन्मनोंदणी आणि बेचाळिसाव्या दिवशी आई-बाळ दोघं सुखरूप. म्हणजे बाळ दगावलं, तर पावसापाण्यात केलेल्या फेऱ्यांचे पैसे नाकारायला नियमाची सोय. डॉक्टरचा पगार असा कुणी रोखून पाहावा!