रंगाच्या आधी

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात कवठे येमाई हे गाव आहे. या भागात कांदा पिकतो. कांद्याच्या गोण्या टेम्पो आणि जीपमधून बाजाराला जातात. शेतरस्त्यावरचा चिखल चाकांवरच्या पत्र्याला आतून चिकटून राहतो आणि तिथला ओलावा लवकर जात नाही. मग एक दिवस गाडीचा रंग फुगतो. बोटाने दाबला, की पापुद्रा निघतो आणि खाली तांबूस भुकटी दिसते. उर्दूत ज्याला 'जंग' म्हणतात, तोच हा 'गंज'.

लोखंडाला हवेतील ऑक्सिजन आणि पाणी एकाच वेळी मिळाले, की गंज तयार होतो. गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. म्हणून तो वरचा रंग उचलतो. त्या फटीतून आणखी पाणी आत शिरते. अशा पत्र्यावर नुसता नवा रंग मारला, तर गंज झाकला जातो. पण आतून तो पत्रा खातच राहतो.

म्हणून चांगला कारागीर आधी जुना रंग आणि गंज काढतो. तो 80 नंबरच्या खरखरीत पॉलिश पेपरने पत्रा घासतो. बारीक खड्ड्यांत काळे ठिपके उरतात. तोही गंजच! त्यावर फॉस्फरिक आम्ल लावतात. मग पत्रा पाण्याने धुऊन लगेच कोरडा करतात. घासल्यामुळे पत्र्यावर बारीक ओरखडे पडतात. त्यांतच प्राइमरची पकड बसते. अगदी गुळगुळीत पत्र्यावर प्राइमर टिकत नाही.

यानंतर तेलकटपणा काढायचा. त्यासाठी दोन स्वच्छ फडकी लागतात. एक थिनरमध्ये भिजवून फिरवायचे. थिनर वाळण्याआधी दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसून घ्यायचे. एकच फडके वापरले, तर तेल निघत नाही, नुसते पसरते. पुसलेल्या पत्र्याला उघडा हात लावू नये, कारण घामात मीठ असते. हे काम करताना हातमोजे आणि मास्क वापरावा. जवळपास विडी किंवा आग नसावी.

आता उशीर चालत नाही. ओल्या हवेत उघडा पत्रा काही तासांतच गंजू लागतो. म्हणून त्याच दिवशी एपॉक्सी प्राइमर मारतात. पुट्टी पाणी शोषून घेते, म्हणून ती प्राइमरच्या वर लावणे चांगले.

दिल्लीत कुतुबमिनारजवळ एक लोहस्तंभ आहे. तो सुमारे 1600 वर्षे उघड्यावर उभा आहे, तरी फारसा गंजलेला नाही. त्याच्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे. त्यामुळे त्यावर फॉस्फेटचा पातळ थर तयार झाला आणि त्या थराने लोखंड राखले. शिरूर तालुक्यातच रांजणगावला मोटारींचा कारखाना आहे. मोटारींच्या कारखान्यांतही सांगाडा धुऊन त्यावर आधी फॉस्फेटचा थर देतात आणि मगच प्राइमर लावतात.

रंग मारायला थोडा वेळ लागतो; पत्रा तयार करायला दिवस जातो. पण तो दिवस वाचवला, तर पुढच्या पावसाळ्यानंतर तीच गाडी पुन्हा गॅरेजच्या दारात उभी राहते.

शब्दार्थ
पापुद्रा – पातळ पदर
ओरखडा – घासल्याची रेघ
फडके – पुसण्याचे कापड

स्वाध्याय
1. गंजावर नुसता रंग का मारू नये?
2. दोन फडकी का लागतात?
3. तुमच्या घरातील कोणती वस्तू गंजली आहे? का?