माजी सैनिकाचे घर आणि कर्जाची पात्रता

बेळगावच्या मराठा पलटणीत पंधरा-सतरा वर्षांची चाकरी आटोपून जो शिपाई चाळिशीच्या आतच हुबळी-धारवाडात परततो, त्याला गृहकर्ज देताना बँक त्याच्या पराक्रमाचा नव्हे, तर दरमहा खात्यात पडणाऱ्या निवृत्तिवेतनाचा, वयाचा आणि पूर्वीच्या कर्जफेडीचा विचार करते. येथे एक मेख पुष्कळांच्या ध्यानात येत नाही: निवृत्तिवेतनाचा जो अंश, जास्तीत जास्त 50 टक्के, त्याने आरंभी एकरकमी उचललेला असतो, तो 15 वर्षांनी पूर्ववत होईपर्यंत मासिक रकमेतून वजा होत राहतो, आणि हप्त्याची ऐपत उरलेल्या रकमेवरच ठरते, सबब दुसऱ्या नोकरीचे वेतन अथवा कमावत्या पत्नीचे उत्पन्न सहकर्जदार म्हणून जोडणे हिताचे. विधवेचे कुटुंब-निवृत्तिवेतनही उत्पन्नच, मात्र ते तुटपुंजे.

युद्धात कामी आलेल्यांचे आश्रित, युद्धात अपंग झालेले जवान, तसेच शांतताकाळी सेवेच्याच कारणाने हानी पोहोचलेले, यांना घरबांधणीच्या कर्जावरील व्याजाचा निम्मा भाग केंद्रीय सैनिक मंडळ विहित मर्यादेपर्यंत परत देते. ही सवलत कर्ज नव्हे, याची जाण असावी. तिच्यासाठीचा अर्ज जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कचेरीमार्फत, निवृत्तिवेतनाचा हुकूम व बँकेचा व्याजाचा दाखला जोडून करावा लागतो.